सळी शाबूत आहे, पण तिची पकड? नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,
नवी मुंबईतल्या तिशीला टेकलेल्या आणि तिशी ओलांडलेल्या इमारतींच्या सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सळीच्या पकडीची तपासणी व्हावी आणि दुरुस्तीचं टेंडर त्यानुसार निघावं, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वार्षिक सभा नुकत्याच आटोपल्या असतील. सप्टेंबरअखेर सभा, दिवाळीच्या आगेमागे कोटेशनं आणि मग बांबूच्या परांच्या, हा आपल्याकडचा ठरलेला क्रम. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, नेरूळला राहते आणि वाशी ते बेलापूर या पट्ट्यातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. या दिवसांत समित्यांची माणसं ऑडिटचे अहवाल काखोटीला मारून येतात आणि विचारतात, "मॅडम, एवढा खर्च करायलाच हवा का? सळी तर शाबूत आहे असं लिहिलंय."

त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. सळी शाबूत असणं वेगळं आणि सळीने काँक्रीटला धरून ठेवणं वेगळं. आटे झिजलेला बोल्ट जाडीला भरपूर दिसतो, पण नट काही धरत नाही. तसंच आहे हे. अहवालात पहिली गोष्ट मोजलेली असते. कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, फोडून व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावतात, सळीचा उरलेला व्यास लिहितात, मूळ व्यासाशी ताडून पाहतात आणि घट थोडी असली की 'किरकोळ' असा शेरा पडतो. पकडीबद्दल, साइटवर ज्याला आम्ही बॉण्ड म्हणतो त्याबद्दल, पानंच्या पानं उलटली तरी एक ओळ सापडत नाही. आणि गंजाने पहिला घाला घातलेला असतो तो पकडीवरच.

हे कसं होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी मागणी त्यावर उभी आहे.

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याला झेपत नाही. ताण सळीने घ्यायचा, हे आरसीसीचं मूळ गणित. पण तो ताण सळीपर्यंत पोचतो कसा? तिच्या अंगाला भिडलेल्या काँक्रीटमधून. त्याच्या तीन वाटा आहेत : सिमेंटचं सळीला चिकटणं, दोघांमधलं घर्षण, आणि सळीवरच्या कंगोऱ्यांचं काँक्रीटमध्ये अडकून बसणं. गुळगुळीत सळीला पहिल्या दोनच वाटा मिळतात. टॉर किंवा टीएमटी या कंगोरेवाल्या सळीत मुख्य भार तिसरीवर असतो. म्हणून तर आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, एम२० ग्रेडच्या काँक्रीटला गुळगुळीत सळीसाठी दर चौरस मिलिमीटरला १.२ न्यूटन एवढी पकड धरायला परवानगी आहे आणि कंगोरेवाल्या सळीसाठी त्यावर आणखी ६० टक्के.

हे आकडे प्रत्यक्षात काय म्हणतात ते बघा. १६ मिमीची फे-४१५ ग्रेडची सळी पुऱ्या क्षमतेने काम करते तेव्हा तिच्यात सात टनांहून जास्त ओढ असते. ती सगळी काँक्रीटमध्ये उतरवायला एम२० मध्ये व्यासाच्या सुमारे ४७ पट लांबी लागते, म्हणजे ७५० मिमी, साधारण अडीच फूट. दोन सळ्यांच्या जोडाला जो लॅप देतात, म्हणजे दोन्ही सळ्या जेवढ्या लांबीत शेजारी-शेजारी ठेवतात, बीमची सळी कॉलममध्ये जेवढी आत नेतात, ते या हिशोबावर ठरतं. आता पकड निम्मी झाली असं समजा. त्याच सळीला तेच काम करायला पाच फूट लांबी हवी. उभ्या इमारतीत ती कुठून आणणार? सळी मग पूर्ण जाडीची असूनही निम्म्याच कामाची उरते.

कंगोऱ्यांची आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. सळी ओढली जाते तेव्हा कंगोरे समोरच्या काँक्रीटला नुसते पुढे रेटत नाहीत, तिरके बाहेरही रेटतात. त्यामुळे सळीभोवतीचं काँक्रीट चहूबाजूंनी ताणलं जातं आणि उकलू पाहतं. त्याला आवरून धरतात दोघं : बाहेरचं कव्हर आणि रिंगा, म्हणजे मुख्य सळ्यांना वेढून बांधलेल्या बारीक सळ्या. कव्हर म्हणजे सळीला पाण्यापासून झाकायचा थर, एवढंच आपण मानतो. पण पकडीत त्याचा बरोबरीचा वाटा आहे. कव्हर उकललं की कंगोरे टेकणार कशावर?

आता गंजाकडे येऊ. चांगल्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि त्या अल्कलीत सळीवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो आहे तोवर सळी गंजत नाही. हा थर मोडतो दोन कारणांनी. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि पीएच नवाच्या खाली आणतो. त्याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरं कारण मीठ. क्लोराइड सळीपर्यंत पोचलं की पीएच चांगला असूनही तो थर जागोजागी फुटतो. आपल्या शहराच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पनवेलची. चार महिने पाऊस, बाकीचे महिने दमट खारा वारा, भिजणं आणि सुकणं अखंड चालू. समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ : २००० किमान एम३० ग्रेड आणि ४५ मिमी कव्हर मागतं. तुमच्या-माझ्या इमारती त्याआधीच्या. १९७८ च्या आवृत्तीप्रमाणे आरसीसीला एम१५ चालत असे आणि स्लॅबला साधारण १५ मिमी कव्हर. कागदावरच्या त्या १५ मिमीतले प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी ८-१०च निघतात, हे मी रोज बघते. खाडीचा हा खारटपणा नवा नाही. वाशीचा पहिला खाडीपूल १९७० च्या दशकातला. त्यातल्या ताण दिलेल्या केबली खाऱ्या हवेत गंजल्या, जड वाहनांवर बंधनं आली आणि १९९० च्या दशकात शेजारी दुसरा पूल उभा राहिला. त्याच खाडीच्या वाऱ्यात आपण घरं बांधली.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. सुरुवातीच्या अगदी थोड्या गंजाने, काँक्रीटला तडा जायच्या आधी, पकड उलट किंचित वाढते. सळीचं अंग खरखरीत होतं आणि फुगणारा गंज काँक्रीटला आतून घट्ट दाबतो. प्रयोगशाळेत सळ्या ओढून केलेल्या चाचण्यांत हे अनेकदा दिसून आलं आहे. पण हा काळ थोडा असतो. कव्हर, काँक्रीटची ताकद आणि सळीचा व्यास यांवर थोडंफार अवलंबून, सळीच्या अंगावरून मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याहून कमी लोखंड गेलं की कव्हरला पहिला तडा जातो.

मिलिमीटरचा विसावा भाग. १६ मिमीच्या सळीत ही घट सव्वा टक्क्याची. व्हर्निअर लावणाऱ्याला ती दिसणारही नाही. तो 'मूळ व्यास १६, आढळलेला १६' असं प्रामाणिकपणे लिहील. पण त्या क्षणाला सळीभोवतीची आवळण सुटलेली असते. सिमेंटचं चिकटणं गेलेलं, घर्षणाच्या जागी गंजाचा भुसभुशीत पापुद्रा आलेला आणि कंगोरे ज्या काँक्रीटवर टेकायचे ते उकललेलं. तिन्ही वाटा एकदम अरुंद होतात. पुढे गंज वाढत गेला की कंगोऱ्यांची उंचीही झिजते, पण खरी घसरण त्याच्या कितीतरी आधी, तडा गेला तेव्हापासून सुरू झालेली असते. म्हणून 'सळी ९८ टक्के शिल्लक' या वाक्याने मला धीर येत नाही. मला तडा कुठे आहे ते जाणून घ्यायचं असतं.

या घसरणीला लगाम घालतात त्या रिंगा. त्याच ओढ-चाचण्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते : ज्या नमुन्यांत रिंगा नव्हत्या त्यांत तडा गेल्यावर पकड झपाट्याने कोसळली, ज्यांत पुरेशा रिंगा होत्या त्यांत बराच वेळ टिकली. यातून आपण निश्चिंत व्हावं, तर रिंग ही सळीच्याही बाहेर, पृष्ठभागाला सगळ्यांत जवळ. गंज आधी तिलाच गाठतो. जुन्या इमारतींत ६ मिमीच्या रिंगा सर्रास आहेत. अशा रिंगेचं सगळीकडून एक मिलिमीटर खाल्लं गेलं तर तिचा छेद निम्म्यापेक्षाही कमी उरतो. त्यातही ती कोपऱ्यावर, वाकवलेल्या जागी आधी तुटते, आणि मुख्य सळी नेमकी त्या कोपऱ्यात बसलेली असते. अहवालात मुख्य सळीचे फोटो असतात. तुटलेल्या रिंगांची नोंद क्वचित. ती आवर्जून मागा.

तुमच्यातले जे इंजिनिअर नाहीत त्यांच्यासाठी एक ओळख सांगते. तडा सळीला आडवा जातो की सळीच्या बाजूने धावतो, ते बघायचं. बीमच्या मधोमध खालून वर जाणारे केसासारखे बारीक तडे भाराने येतात, आरसीसीत ते थोडेफार असणारच. पण बीमच्या खालच्या कोपऱ्याला समांतर आडवा धावणारा तडा, कॉलमच्या कोपऱ्याजवळ उभा चढणारा तडा, स्लॅबच्या छताला ठरावीक अंतरावर उमटलेल्या सरळ रेषा, हे गंजाचे तडे. आत सळी कुठे आहे ते त्यांनी बाहेर रेखून दाखवलेलं असतं. तिथे हातोडीने हलकं ठोका. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं कव्हर बदबदतं. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. समितीच्या दोन माणसांना सकाळच्या वेळेत पार्किंगमध्ये फिरून एवढं सहज करता येतं.

तडा कुठे आहे याला मी इतकं महत्त्व का देते? बीमच्या मध्यभागी पकड गेली, पण सळीची दोन्ही टोकं आधारात घट्ट असली, तर बीम अगदीच हात टेकत नाही. काँक्रीटची कमान आणि तिला खालून बांधून ठेवणारी सळी, असं ते वागू लागतं. वाकतं जास्त, तडे रुंद दिसतात, पण उभं राहतं. टोकांची पकड गेली तर मात्र कमान बांधायला काहीच उरत नाही आणि मोडणं अचानक येतं. तसंच लॅपचं. एक सळी संपते, दुसरी सुरू होते, मधला सगळा जोर काँक्रीटमधून जातो. तिथे पकड सुटली की दोन्ही सळ्या भल्या जाड असोत, एकीचा जोर दुसरीकडे पोचत नाही. छज्जा आणि बाल्कनी यांचं तर सगळं अस्तित्व वरच्या थरातल्या, आत स्लॅबमध्ये रोवलेल्या सळ्यांवर. ओतकामाच्या वेळी वरच्या सळ्यांखाली पाणी साचून राहतं, त्यामुळे त्यांची पकड पहिल्या दिवसापासूनच थोडी कमी असते. त्यावर बाल्कनीत साचणारं पावसाचं पाणी, कुंड्या, ग्रिल लावून खोलीत घेतलेली जागा आणि त्यात ठेवलेलं कपाट. मधल्या स्लॅबच्या पोपड्यांपेक्षा मला या जागा जास्त काळजीच्या वाटतात, आणि नेमक्या याच जागा झाकलेल्या असतात.

सानपाड्याच्या एका इमारतीतलं उदाहरण देते. स्टिल्टवर पार्किंग, कॉलमना गाड्यांची ठोकर लागू नये म्हणून तीन फूट उंचीपर्यंत टाइल्स. ऑडिटमध्ये कॉलम 'समाधानकारक', कारण टाइल्सच्या वरचा भाग खरोखरच चांगला होता, काँक्रीटचा कडकपणा तपासणाऱ्या हॅमरची रीडिंगंही चांगली. एका कॉलमच्या दोन टाइल्स फुगून पुढे आल्या होत्या म्हणून आधी टेकू लावून आम्ही त्या काढल्या. मागचं कव्हर हाताने निघालं. तळमजल्याच्या कॉलममध्ये सळ्यांचा लॅप जमिनीलगत असतो, हाच तो भाग. गाड्या धुतलेलं पाणी, जमिनीतून चढणारी ओल, टाइल्समागे अडकून राहिलेला दमटपणा, सगळं त्या लॅपच्या अंगावर. चांगलं काँक्रीट सळीवरून उचकटलं तर त्याच्या आतल्या अंगाला कंगोऱ्यांचा साचा उमटलेला दिसतो, तिरक्या बारीक रेषा, बोट फिरवलं की लागतात. इथे तो साचाच नव्हता. काँक्रीटची आतली बाजू गुळगुळीत, तपकिरी भुकटीने भरलेली. दोन सळ्यांच्या मध्ये छिन्नीचं टोक घातलं, तर ते वीतभर अडथळ्याशिवाय खाली गेलं. व्यास मोजला तर घट फारशी नव्हती. 'सळी शाबूत' हा शेरा तिथेही खोटा ठरला नसता. पण त्या जोडातून वरचा जोर खाली जात होता की नाही, हे त्या शेऱ्यावरून कुणालाही कळलं नसतं.

म्हणून पहिली विनंती टाइल्सची. पार्किंगमधल्या कॉलमच्या टाइल्स, लिफ्टच्या शेजारचं पॅनेलिंग, डक्टमधल्या पाइपांमागचे कॉलम, संडास-बाथरूमच्या खालच्या बीमची टोकं, हे उघडून दाखवल्याशिवाय ऑडिट पुरं झालं असं मानू नका. सभासद कुरकुरतील. टाइल्सचा खर्च पाहून तुम्हालाही नकोसं वाटेल. तरीही.

चाचण्यांबद्दल थोडक्यात. रिबाउंड हॅमर काँक्रीटचा पृष्ठभाग किती कडक आहे ते सांगतो, पकडीचं काही सांगत नाही. उलट कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग जास्त कडक लागतो, त्यामुळे आजारी कॉलमचं रीडिंग चांगलं येऊ शकतं. अल्ट्रासॉनिक चाचणीत कव्हर सुटलं असेल तर त्याचा सुगावा लागतो. सळीचं विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली रीडिंग आलं तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. कार्बोनेशन कुठवर पोचलंय ते फिनॉल्फ्थॅलीनच्या फवाऱ्याने पाच मिनिटांत समजतं. जिथे गुलाबी रंग येत नाही तिथे संरक्षण संपलेलं. क्लोराइडसाठी ड्रिलची भुकटी एकाच खोलीची न घेता वेगवेगळ्या खोलींवरची घ्यायला सांगा. वरच्या थरात जास्त आणि आत कमी असेल तर मीठ बाहेरून येतंय. सगळीकडे सारखंच असेल तर ते बांधकामाच्या वेळीच मिसळलेलं आहे, आणि मग दुरुस्तीचा सगळा विचार बदलतो. ही चाचणी महाग नाही, पण टाळली जाते. एक धोका वेगळा सांगायला हवा : क्लोराइडचा गंज काही ठिकाणी सळीला खड्डे पाडत खोल जातो आणि बाहेर फारसा फुगवटा येत नाही. तिथे पकड बरी आणि छेद वाईट, असा उलटा प्रकार होऊ शकतो. म्हणजे व्यास मोजायचाच. माझं म्हणणं एवढंच की त्यावर थांबायचं नाही.

आता दुरुस्तीकडे. पैसा तुम्ही खर्च करता आणि पकड परत येत नाही, असं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की यावर जरा थांबून लिहिते.

आपल्याकडे पॉलिमर मॉर्टरचं, म्हणजे फोडलेल्या जागी भरायच्या दुरुस्तीच्या मसाल्याचं, बिल चौरस फुटावर होतं. चौरस फुटावर बिल म्हटलं की खोलीकडे कुणी बघत नाही. कारागीर सळीचा पुढचा अर्धा भाग उघडा करतो, वायर ब्रश मारतो, गंजरोधक लावतो, मॉर्टर भरतो. सळीची मागची बाजू गंजासकट जुन्या काँक्रीटमध्ये तशीच. नवं मॉर्टर सळीच्या अर्ध्याच अंगाला भिडतं, पकड परत येत नाही, आणि पाठीमागे गंज वाढत राहिल्यामुळे नवा थरही काही वर्षांत सुटतो. सळीच्या मागे किमान २० ते २५ मिमी मोकळी जागा होईपर्यंत फोडणं, सळी चहूबाजूंनी चकचकीत होईपर्यंत साफ करणं, हे टेंडरच्या त्या आयटममध्ये शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे. एवढं फोडायचं तर आधी टेकू हवेत, त्यांचाही वेगळा आयटम हवा. ज्या कोटेशनमध्ये टेकूंचा उल्लेख नाही, त्याने किती खोल फोडायचं ठरवलंय ते तुम्ही ओळखा.

गंजरोधकाचा जाड थर सळीवर थापू नका. सळीवरचं कोटिंग मुळातच पकड थोडी कमी करतं. कारखान्यात इपॉक्सीचं कोटिंग केलेल्या सळ्यांनासुद्धा त्यामुळे जास्त लांबीचा लॅप द्यावा लागतो. डांबरी रंग तर कधीच नको. कंपनीने सांगितलेल्या जाडीचा थर आणि त्यानंतर सांगितलेल्या वेळेतच मॉर्टर. कोटिंग करून आठ दिवस धूळ खात पडलेल्या सळीवर भरलेलं मॉर्टर काय धरणार?

सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते जादा सळीचं. गंजलेल्या सळीला फूट-दीड फुटाचा नवा तुकडा बाइंडिंग वायरने बांधतात आणि बिलात 'अतिरिक्त लोखंड' म्हणून किलोने लावतात. वर दिलेला हिशोब आठवा. १६ मिमीच्या सळीला खराब भागाच्या दोन्ही बाजूंना, चांगल्या काँक्रीटमध्ये, अडीच-अडीच फूट जायला हवं, तेव्हा ती आपला वाटा उचलेल. दीड फुटाचा तुकडा तिथे नुसता पडून असतो. जागा नसेल तर डिझाइन करून जॅकेटिंग करायचं, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नवं वेष्टण घालायचं : नव्या सळ्या खालून वरपर्यंत सलग न्यायच्या, ड्रिल करून पुरेशा खोलीत रोवायच्या, नव्या रिंगा घालायच्या आणि मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) ओतायचं. लॅपच्या जागेला नव्या रिंगांनी आवळलं तर पकडीचा मोठा भाग परत मिळू शकतो, पण त्या रिंगा पूर्ण बंद आणि कोपऱ्यांना घट्ट बसलेल्या हव्यात. जुनी टॉर सळी असेल तिथे वेल्डिंग इंजिनिअरला लेखी विचारल्याशिवाय करू देऊ नका.

आणि ठिगळांबद्दल. काँक्रीटमध्ये मीठ असेल आणि तुम्ही फक्त फुटलेला तुकडा दुरुस्त केलात, तर दुरुस्त भागातली सळी सुरक्षित होते आणि ठिगळाच्या कडेला लागून असलेल्या सळीचा गंज वेग घेतो. 'दोन वर्षांपूर्वी केलं त्याच्या शेजारीच पुन्हा फुटलं,' ही तक्रार बहुतेक वेळा यामुळे असते. कंत्राटदार दर वेळी चोर असतो असं नाही.

पोटनियमांप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतींना ऑडिट बंधनकारक आहे. महापालिका धोक्याच्या उतरत्या क्रमाने सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी करते. त्यातल्या सी-३ म्हणजे किरकोळ आणि सी-२बी म्हणजे इमारत रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. या दोघांमधला फरक पुष्कळदा लॅप आणि टोकांच्या पकडीवर ठरायला हवा. तुमची इमारत सी-३ मध्ये बसवून घेण्यासाठी ऑडिटरवर दबाव आणू नका, ही हात जोडून विनंती. मला स्वतःला तसे फोन येतात. 'मॅडम, सभासद घाबरतील, जरा सौम्य लिहा.' सभासदांना घाबरवायची हौस कुणालाच नाही. पण सौम्य शब्दांनी कॉलमचा भार कमी होत नाही.

रिडेव्हलपमेंटची वाट बघणाऱ्या सोसायट्यांना वेगळं सांगायचं आहे. बिल्डर ठरायचाय, दोन गट पडलेत, कुणीतरी उपनिबंधकांकडे गेलंय, तोवर दुरुस्तीवर पैसे कशाला घालायचे, हा प्रश्न मला समजतो. सिंकिंग फंड म्हणजे काही विहीर नव्हे. पण ही वाट बघण्याची वर्षं एक-दोन म्हणता म्हणता सात-आठ होतात आणि गंज सभेच्या ठरावासाठी थांबत नाही. पूर्ण दुरुस्ती नको असेल तर करू नका. रंग नको, प्लास्टर नको, गेटची कमान नको. फक्त तळमजल्याच्या कॉलमचे लॅप, बीमची टोकं आणि बाल्कन्यांची मुळं एवढंच उघडून पाहा आणि जिथे पकड गेली आहे तिथे डिझाइनप्रमाणे जॅकेटिंग करून घ्या. ज्या बाल्कनीबद्दल शंका आहे ती रिकामी करा आणि खालपर्यंत सलग टेकू लावा. टेकू वरच्या मजल्यापुरता लावून खालच्या स्लॅबवर भार सोडू नका. मी कुणाकडूनही मोठ्या दुरुस्तीचं काम काढायला हे लिहीत नाही. या यादीतलं काम एकूण टेंडरच्या मानाने लहान असतं, आणि नेमकं तेच टेंडरमध्ये नसतं.

मजबुतीच्या आयटमला कात्री आणि बाहेरच्या रंगाला मंजुरी, हे सभेत होतं कारण रंग सगळ्यांना दिसतो. तिथे समितीने ठाम राहायला हवं. रंगाचं वर्ष पुढे ढकला. प्लास्टरने तडा बुजवून घेऊ नका. बुजलेला तडा पुढच्या ऑडिटरला दिसत नाही आणि तुमच्या हातातला एकमेव पुरावा जातो. काम चालू असताना तीन टप्प्यांवर इंजिनिअरची सही लागेल असं करारात घाला : सळी मागून मोकळी करून साफ झाल्यावर, नवी सळी आणि रिंगा बांधून झाल्यावर, आणि मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरण्याच्या आधी. प्रत्येक टप्प्याचा फोटो, त्यात कॉलमचा नंबर आणि मोजपट्टी दिसली पाहिजे. त्या सहीशिवाय बिल पास होणार नाही हे कंत्राटदाराला पहिल्याच बैठकीत सांगा. चांगल्या कंत्राटदाराला याची अडचण वाटत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण स्वस्तात उरकणारा त्याच्या शर्यतीतून बाहेर पडतो.

शेवटी, ऑडिटरला पुढच्या बैठकीत बोलवाल तेव्हा त्यांना लेखी विचारा : लॅपच्या जागा किती कॉलममध्ये उघडून पाहिल्या, बीमच्या टोकांना सळीच्या बाजूने धावणारे तडे कुठे कुठे आहेत, रिंगा किती ठिकाणी तुटलेल्या मिळाल्या, आणि पकड कमी झाली असं धरून मजबुतीचा हिशोब केला आहे का. उत्तरासोबत त्या जागांचे फोटो मागा. फोटो नसतील तर तिथे कुणी पाहिलेलं नाही असं समजा आणि अहवाल स्वीकारू नका.

आपली,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर,
नेरूळ, नवी मुंबई